उपक्रमबाई आणि जिन्याखालच्या खुर्च्या

आमच्या कंपनीत त्यांना सगळे उपक्रमबाई म्हणत. तोंडावर नाही, पण त्यांना ते ठाऊक होतं. एकोणीस वर्षं त्यांनी टाइम ऑफिसात काढली होती. कोण किती वाजता आलं, कोणाची किती रजा उरली, कोणी कोणाशी पाळी बदलली, सगळं तोंडपाठ. मग दाराशी अंगठ्याचं यंत्र बसलं आणि बाईंच्या टेबलावर कामच उरलं नाही. आमची कंपनी पाण्याचे पंप बनवते, आणि पंपातलं बाईंना काही येत नव्हतं. तेव्हा आमचे मोठे साहेब त्यांना म्हणाले, "तुम्हाला माणसं कळतात. कर्मचाऱ्यांची स्वयंसेवा तुम्ही बघा."

म्हणजे नेमकं काय बघायचं, ते साहेबांनाही धड सांगता आलं नाही. बाईंना एक कपाट मिळालं, त्यात कंपनीचं नाव छापलेले तीनशे टी-शर्ट. मी खरेदी विभागात, त्यांच्या शेजारच्या टेबलावर बसतो. त्यामुळे पुढचं बरंचसं मी डोळ्यांनी पाहिलंय, आणि उरलेलं त्यांनी डबा खाताना सांगितलंय. सांगता सांगता त्यांचा डबा बहुतेक वेळा तसाच राहायचा.

पहिल्या वर्षी त्यांनी मोठ्या हौसेनं एकशे चाळीस माणसं एका शाळेची भिंत रंगवायला नेली. फोटो छान आले. साहेब खूश. दुसऱ्या वर्षी त्याच शाळेत पुन्हा विचारायला गेल्या, तर मुख्याध्यापिकेनं त्यांना खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं आणि हात जोडले.

"बाई, रागावू नका. पण तुमच्यानंतर एक बँक येऊन तीच भिंत रंगवून गेली. मग एक विमा कंपनी. रंगाचे इतके थर झालेत की पोपडे वहीएवढे पडतात. दर वेळी दोन दिवस वर्ग बंद. आमचे नळ गळताहेत, ते कोणी बघत नाही. ब्रश घेऊन मात्र सगळे येतात."

"मग तुम्ही नाही का म्हणत नाही?"

"नाही म्हटलं की पुढच्या वेळी कोणी विचारतच नाही."

बाई परत आल्या त्या तोंडात मारल्यासारख्या. संध्याकाळी निघताना एवढंच म्हणाल्या, "आपण त्यांना मदत करत नव्हतो हो. ते आपल्याला करत होते."

त्यानंतर काही महिन्यांनी बाईंच्या सासूबाई घरात घसरून पडल्या. सरकारी इस्पितळात एक्स-रे काढायचा होता. वॉर्डातल्या मामांनी चाकाची खुर्ची आणली. मामा म्हणजे तिथले जुने कर्मचारी, पेशंटची ने-आण करणारे. खुर्चीचं एक पुढचं चाक फिरत नव्हतं, पाय ठेवायची पट्टी बँडेजनं बांधलेली होती आणि ब्रेकच्या जागी मामांचा गुडघा. खुर्ची सारखी डावीकडे ओढ घ्यायची. दोनदा दाराला धडकली.

"अगं, हिला एक्स-रेला जायचंच नाहीये," सासूबाई कण्हत म्हणाल्या. "हिला घरी सोड आणि मला चालत ने."

मामा हसले आणि म्हणाले, "आजी, ही त्यातल्या त्यात शहाणी आहे. बाकीच्या बघितल्या तर तुम्ही पळालच."

सासूबाईंचं हाड सुदैवानं शाबूत होतं. बाईंनी मात्र बाकीच्या खुर्च्या बघायचा हट्टच धरला. वॉर्डच्या सिस्टरनी जिन्याखालची खोली उघडून दाखवली. आत अठ्ठावीस खुर्च्या एकमेकींत पाय अडकवून पडल्या होत्या. निकामी ठरवून फेकायला कागद हवा, दुरुस्त करायला वेगळा कागद हवा, आणि दोन्ही कागद वर अडकलेले. पूर्ण इमारतीत धड चालणाऱ्या खुर्च्या पाच.

बाईंच्या डोक्यात एकच हिशेब आला. आपल्या कारखान्यात चाळीस फिटर आहेत. दिवसभर चाकं, दांडे, बेअरिंग हेच त्यांच्या हातात असतं.

दुसऱ्या दिवशी त्या साहेबांपुढे उभ्या राहिल्या.

"किती लोक लागतील?" साहेबांनी विचारलं.

"सहा. एक शनिवार आड, तीन महिने."

"सहा?" साहेबांनी चष्मा काढला. "अहो, मागच्या वर्षी एकशे चाळीस होते. सहा लोकांचा फोटो कसा दिसेल?"

"फोटोचं राहू द्या साहेब. खुर्च्या चालतील ना."

"तसं नसतं बाई. वर अहवाल जातो."

पुढचं घोडं अडलं ते उत्पादनाच्या साहेबांपाशी. फिटर सोडले तर पंप कोण जोडणार, हा त्यांचा सवाल. तोही खोटा नव्हता. पण नियम असा निघाला की ऑफिसातल्या माणसाला स्वयंसेवेसाठी भरपगारी अर्धा दिवस मिळणार, आणि फिटरनं यायचं तर स्वतःची रजा टाकून यायचं. बाईंची तळपायाची आग मस्तकात गेली. "ज्याला पाना धरता येतो त्याला सुट्टी नाही, आणि ज्याला येत नाही तो पगार घेऊन येणार! ही कसली सेवा?" हे त्या साहेबांना म्हणाल्या नाहीत, मला म्हणाल्या. मी मान हलवली.

पहिल्या शनिवारी चौदा जण आले, सगळे ऑफिसातले. फिटर एकही नाही. टी-शर्ट घालून सगळे रांगेत उभे राहिले, हातात पाने. हिशेबनीसांनी तर पाना उलटा धरला होता. फोटो झाले. मग उत्साहानं खुर्च्या खोलायला घेतल्या. खोलणं सोपं असतं. नट कुठे, वॉशर कुठे, कोणतं चाक कोणत्या खुर्चीचं, काही मेळ राहिला नाही. कोणीतरी चांगल्या पाचांतल्या दोन खुर्च्याही आत ओढून आणून उघडल्या. अकरा वाजता नाश्ता आला, साडेअकराला मंडळी पांगली.

सिस्टर दारात येऊन उभ्या राहिल्या. "बाई, काल पाच चालत होत्या. आज तीन."

बाई जमिनीवर बसून नट गोळा करू लागल्या. मागे एक मुलगी तेवढी थांबली होती, पंपाचे आराखडे काढणारी नवी इंजिनिअर. ती म्हणाली, "मॅडम, मलाही हे जोडता येत नाहीये. कागदावर येईल, हातानं नाही." ती तरी खरं बोलली, म्हणून बाईंना त्या दिवशी तिचाच आधार वाटला.

सोमवारी बाई थेट जोडणी विभागात गेल्या. तिथे एक बुजुर्ग फिटर आहेत. त्यांना सगळे बेअरिंगकाका म्हणतात, कारण पंपाला कान लावून आत काय बिघडलंय ते सांगतात.

"काका, तुम्ही कोणीच कसे आला नाहीत? एवढी नोटीस काढली होती मी."

"कुठे काढली होती?"

"सगळ्यांना मेल केला होता."

काकांनी कापसानं हात पुसले. "बाई, एकोणीस वर्षं तुम्ही आमची हजेरी घेतलीत. आमच्यापैकी कोणाला मेल येतो, सांगा बघू."

चूक सरळ बाईंचीच होती, आणि तीच त्यांना सगळ्यात जास्त लागली. त्यांनी तिथेच काकांना इस्पितळातली सगळी हकिगत सांगितली, उलट्या पान्यासकट. काका आधी पोट धरून हसले, मग म्हणाले, "रजा खर्ची पडेल, घरात बोलणी बसतील. पण येतो. ते टी-शर्ट मात्र घालणार नाही. ग्रीस लागलं की वाया जातात."

पुढच्या खेपेला काका आणि तीन फिटर आले. काकांनी पहिलं चाक हातात घेतलं, दांड्याभोवती नख फिरवलं आणि चिमट्यानं काळा गुंता ओढून काढला. केस. बायकांचे लांब केस, दोरे, बँडेजचे धागे, सगळं वर्षानुवर्षं आत गुंडाळलं गेलेलं. "चाक मेलेलं नाही," काका म्हणाले, "याचा नुसता गळा आवळलाय." निम्म्या खुर्च्यांचं दुखणं तेवढंच निघालं. उरलेल्यांना बेअरिंग, ब्रेकच्या पट्ट्या, बोल्ट लागत होते. ते आमच्या भंगारातून मी काढून दिले. रीतसर सही घेऊन, हे सांगितलेलं बरं.

मामा आधी लांबूनच बघत होते. तिसऱ्या शनिवारी त्यांना राहवलं नाही. "ती पट्टी पुन्हा मोडणार," ते म्हणाले. "उतारावर खुर्ची खाली नेताना तीच आधी टेकते. दोन बोटं वर बसवा." काकांनी मामांना खाली बसवून त्यांच्याच हातात पाना दिला. तेव्हापासून मामा त्यांच्यातलेच झाले.

ती इंजिनिअर मुलगी प्रत्येक शनिवारी यायची. चहा पिताना एकदा एक फिटर तिला म्हणाला, "ताई, या खुर्चीला एकच पाना लागतो. तुमच्या पंपाच्या झाकणाला तीन लागतात. का हो?" सोमवारी ती झाकणाचा आराखडा पुन्हा उघडून बसली. महिनाभरानं तिनं झाकणाचे सगळे बोल्ट एका मापाचे केले. जोडणीचा वेळ घटला. उत्पादनाचे साहेब भलतेच खूश झाले आणि भर मीटिंगमध्ये तिचं कौतुक केलं. ही कल्पना इस्पितळाच्या जिन्याखाली सुचली, असं तिनं उभं राहून सांगितलं. साहेब म्हणाले, "असं का? वा!" आणि पुढच्या विषयाकडे वळले.

पहिल्या शनिवारी उघडलेल्या त्या दोन चांगल्या खुर्च्या सोडून, तीन महिन्यांत जिन्याखालच्या एकवीस खुर्च्या चालू झाल्या. उरलेल्या सात सुट्या भागांसाठी ठेवल्या.

मग वार्षिक अहवाल भरायची वेळ आली. त्यात रकाने तीन: सहभागी किती, तास किती, फोटो किती. बाईंनी सगळा फॉर्म उलटसुलट करून बघितला. खुर्च्या लिहायला जागाच नव्हती. शेवटी समासात त्यांनी पेनानं लिहिलं, "एकवीस व्हीलचेअर दुरुस्त." साहेबांनी ती ओळ खोडली.

"बाई, सहभाग एकशे चाळीसवरून एकोणीसवर आला. मी वर काय तोंड दाखवू? या वर्षी आपण आरोग्यासाठी चालण्याचा कार्यक्रम करू. दोनशे लोक, सकाळी दोन तास. झालं."

"त्यानं कोणाचं आरोग्य सुधारणार, साहेब?"

"जागृती होते."

"जागे तर सगळे असतातच. म्हणून तर चालतात."

मी शेजारून ऐकत होतो. साहेबांचा चेहरा लाल झाला. बाई मात्र हलल्या नाहीत. टाइम ऑफिसातल्या जुन्या सवयीनं त्या हजेरीची भाषा बोलू लागल्या. "तुमचे दोनशे लोक मी आणते. एकही कमी पडणार नाही. पण फिटरना महिन्यातून एक अर्धा दिवस, भरपगारी. ऑफिसवाल्यांना मिळतो तसाच. लेखी द्या."

साहेबांनी आठवडाभर टोलवलं. उत्पादनाच्या साहेबांनी चार फिटरांचे दोन केले, मग बेअरिंगकाका स्वतः जाऊन बोलले तेव्हा पुन्हा चार केले. अखेर कागद आला.

चालण्याचा कार्यक्रम दणक्यात झाला. दोनशे सात लोक. बाई सगळ्यांत पुढे फलक धरून चालल्या. फोटोत त्यांचा चेहरा असा आहे की तो फोटो कंपनीनं छापलाच नाही.

डब्याच्या वेळी मी म्हटलं, "बाई, जिंकलात की! अर्धा दिवस मिळाला."

त्यांनी डब्याचं झाकण आपटलं. "एक अर्धा दिवस! चार माणसांचा! तो मिळवायला मला दोनशे माणसं रस्त्यावर फिरवावी लागली. आणि तुम्ही म्हणताय जिंकलात." मग डायरी ओढून त्यांनी पुढच्या महिन्याची तारीख लिहिली. मामांचा निरोप आला होता: स्ट्रेचरची चाकंही अडकतात, काकांना विचारा. बाई डबा तसाच ठेवून जोडणी विभागाकडे निघाल्या. या वेळी मेल नाही, स्वतः.