शवासनावर ओतलेली छास

हे कुणाला सांगायचं नाही, अशी ताईने मला शपथ घातली आहे. पण जे मी अख्ख्या मैदानासमोर ओरडून सांगितलं, ते तुमच्यापासून काय लपवू?

ताई पोलीस ट्रेनिंगला गेली तेव्हा बाबांनी बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या ओळखीच्या प्रत्येक दुकानात पेढे दिले. महिनाभरातच ताईचा मला हळू आवाजात फोन. "झोपच लागत नाही गं. सारखं रडू येतं. रविवारी भेटायला याल तेव्हा बॅग भरून ठेवते, तुमच्याबरोबरच घरी येते. आई-बाबांना आत्ता बोलू नकोस."

मी वर्गात हजेरीसुद्धा पुटपुटत देणारी मुलगी. मी काय करणार? शक्ती येते म्हणून आयुष्यात पहिल्यांदा मेथीचे लाडू केले आणि शनिवारी एका काकांबरोबर पाठवले. ताईचा मेसेज आला, "पोचले. सगळ्यांना वाटले."

रविवारी बाबा स्कूटर लावत होते, मी छासची, म्हणजे मसाला ताकाची, बरणी घेऊन पुढे गेले. आणि बघते तर काय? मैदानभर मुली आडव्या. हात पसरलेले, तोंडं अर्धवट उघडी, हालचाल नाही. त्यांतच माझी ताई.

माझ्या डोक्यात एकच गोष्ट आली. लाडू.

दोरी ओलांडून मी धावत सुटले. सगळी छास ताईच्या तोंडावर ओतली आणि शेजारी उभ्या असलेल्या खाकीतल्या मॅडमपुढे दोन्ही मनगटं धरली. "मॅडम, लाडू मी केले होते. हिला झोप लागत नाही, ही रडते, घरी पळून येणार होती, म्हणून केले. मला पकडा."

एवढ्या पोलिसांसमोर स्वतःहून गुन्हा कबूल करणारी बडोद्यातली मी पहिलीच असेन.

मॅडम शांतपणे म्हणाल्या, "बेन, आ तो शवासन छे."

ताई उठून बसली. भुवईवर कोथिंबीर. चेहरा पांढराफटक, आणि तो काही फक्त छासमुळे नव्हता. मला वाटलं, संपलं. आता हिला बॅगेसकट बाहेर काढणार.

तेवढ्यात पलीकडची एकजण डोळे मिटूनच म्हणाली, "मॅडम, ऊंघ तो मनेय नथी आवती." झोप तिलाही येत नव्हती. मग आणखी एक हात वर झाला. मग एक धिप्पाड मुलगी उठून बसली आणि हुंदका देत म्हणाली, "मला वाटायचं, मी एकटीच रडते."

मॅडमनी टोपी काढली आणि सरळ गवतावर मांडी घातली. शवासन राहिलं बाजूला. मुली बोलत होत्या, डोळे पुसत होत्या आणि ताईकडे बघून हसत होत्या. शेवटी ताईही हसली. माझ्या कानात म्हणाली, "वेडे, लाडू कोणी खाल्लेच नाहीत. फुटेचनात."

बॅग तिने त्याच दुपारी रिकामी केली. पुढे दर रविवारी त्या सगळ्यांची अशी बैठक बसू लागली. पासिंग आउट परेडला ताई पहिल्या रांगेत होती. पाय असा आपटला की बाबांचा चष्मा नाकावरून घसरला. मॅडमनी तर मलाच विचारलं, तू कधी येतेस भरतीला, धावतेस छान.

सध्या ताई सुट्टीवर घरी आहे. झोपेची तक्रार अजिबात नाही. उलट परेडच्या तालात अशी काही घोरते, की शेजारच्या पलंगावर मला रात्रभर... आले गं ताई. नाही, कोणाला काही सांगत नाहीये, मी आपलं नुसतं...