ठिपकेवाल्या अळ्या

मडक्यावरचं फडकं सोडलं आणि एक करडी, केसाळ माशी माझ्या नाकावर आपटून उडाली. आत एकही पतंग नव्हता!

अकोल्याजवळच्या सरकारी कापूसमळ्यावर तेव्हा मी मजुरांवर देखरेख करणारा कामदार होतो. अमेरिकेत लढाई पेटून तिथला कापूस थांबला होता, विलायतेला आमचा कापूस हवा होता, आणि मळ्याच्या इंग्रज साहेबांच्या नव्या बियाण्यावर अळी पडली होती. ती आवरली नाही तर सगळं पीक उपटून जाळा, असं साहेबांनी बजावलं होतं.

या अळीचा पतंग कसा असतो ते पाहायला मी काही अळ्या मडक्यात पाल्यावर ठेवल्या होत्या. पुष्कळांच्या पाठीवर पांढरे ठिपके होते. ती अळीची अंडी, असं मीच ठरवलं. वेचणाऱ्या बायांना ऑर्डरही दिली : ठिपकेवाल्या आधी वेचा आणि जाळा.

आता मडक्यात अळ्यांची पोकळ कातडी आणि गव्हासारखे तपकिरी कोश पडले होते. डोळ्यांदेखत एक कोश फुटला. त्यातूनही माशीच!

मी तसाच बांधाकडे धावलो. शेजारचे शेतकरी गणपत पाटील तिथे उभे होते.

"पाटील, ती अंडी माशीची! तिचं पिल्लू अळीच्या पोटात शिरून तिला खातं!"

"अळी कधी अंडे देते काय, कामदार? अंडे पतंग देते. पण माशीचं तं मलेबी ठाऊक नोतं." मग ते हसले. "आता काय माशा पाळून राहिले?"

"पाळणारच!"

साहेबांपुढे मडकं धरलं आणि सगळं सांगितलं. एक माशी त्यांच्या बाहीवर बसली. ते तिच्याकडे बघतच राहिले.

"पतंग इससे बडा?"

"बराच मोठा, साहेब."

"तो जलाना बंद!"

वेचलेल्या अळ्या मडक्यांत भरल्या, तोंडांवर विरळ विणीचं गोणपाट बांधलं. माशी सुटायची, पतंग अडकायचा. त्याच हंगामात पुन्हा अळी पडली ती थोडी, आणि बहुतेक ठिपकेवाली. पीक उभं राहिलं. पाटील सगळ्यांना मडकी दाखवत फिरले!

पण माझी पहिली ऑर्डर तोंडोतोंडी दूर हिवरखेड गावापर्यंत पोचली होती. तिकडे लोक ठिपकेवाल्या अळ्याच, म्हणजे माशीची पिल्लंच, शोधून जाळत राहिले. मी सांगायला गेलो नाही. खात्यात हसं होईल, अशी भीती. कामदारानं अळ्या जाळून मळ्याचं पीक वाचवलं, असं तिकडे आजही बोलतात. ते खोटं आहे. पीक माशीनं वाचवलं.

ऑर्डर बसल्या जागी देता येते. मागे घ्यायला गावोगाव चालावं लागतं.