सुमनच्या खोलीचा पंचनामा

आमच्या घराला मुली दाखवायचा दांडगा अनुभव होता, म्हणून सुमनचा सरकारी अर्ज जवळजवळ फेटाळला गेला.

अनुभव कसा, तर मला चार बहिणी. त्यातल्या तिघींची लग्नं झाली, एक गेवराईला दिली, एक मांजरसुंब्याला, एक थेट लातूरला. या तिघींना बघायला मिळून अकरा वेळा पाहुणे आले आणि अकराही वेळा घर सजवायचं खातं माझ्याकडं होतं. घरात नाही ते शेजारून आणायचं, फुटकंतुटकं आत दडवायचं, आणि पोरीला जे येत नाही ते येतं म्हणून ठोकून द्यायचं. (गेवराईच्या बहिणीला पेटी वाजवता येते असं मी सांगून बसलो होतो. लग्नानंतर तिच्या सासऱ्यांनी हौसेनं पेटी विकत आणली. तो विषय अजून निघतो.)

चौथी सुमन, सगळ्यांत धाकटी. दोन वर्षांची असताना पोलिओ झाला आणि कमरेखालचं अंग गेलं. हात मात्र धड, डोकं धड, आणि जीभ तर दोघांना पुरून उरेल इतकी धड. घरात फिरायला तिला मी एक लाकडी पाटा करून दिला होता, खाली बेअरिंगची चार चाकं. हातानं जमीन रेटत ती सगळं घर फिरायची. पण उंबरा आला की पाटा थांबायचा. न्हाणीत जायचं, अंथरुणावर चढायचं, अंगणात यायचं, सगळ्याला उचलायला माणूस लागायचं.

तेव्हा चौसाळ्यात आमच्या किराणा दुकानाशेजारी पिवळं एसटीडी बूथ नुकतंच उघडलं होतं आणि पेठेतल्या दोन घरांत कलर टीव्ही आले होते. त्याच सुमाराला सुमननं कुठूनसं ऐकलं की ज्याला उठाबसायलाही माणूस लागतं, त्याला आपल्या घरात आपलं राहता यावं म्हणून सरकार महिन्याला मदत देतंय. आमच्याकडं सरकारकडून दर महिन्याला जे येतं त्याला पगारच म्हणतात. सुमननं जाहीर केलं, की मी पगाराचा अर्ज करणार आणि समोरच्या खोलीत वेगळी राहणार.

समोरची खोली म्हणजे बोळाच्या पलीकडची, आमचीच, पोती ठेवायची. मला ते लागलं. मी म्हणालो, "सुमे, आमच्यात तुला काय कमी हाय?"

"काहीच कमी न्हाई दादा. पर मला पाणी प्यायचं तर हाक मारावी लागती. वहिनीच्या हातात पीठ असतंय, तू गिऱ्हाइकात असतोस. तुमी येईस्तोवर माझी तहान मरून जाती. पगारावर पेठेतल्या कोंडाबाईला ठिवली की ती माझ्या हाकेला येईल. तुमी उपकाराला येता."

मी खोली रिकामी करून दिली. सुमननं आधी काय केलं असेल, तर बाजारातून एक पितळी कुलूप मागवलं आणि किल्ली काळ्या दोऱ्यात ओवून गळ्यात घातली. खोलीत अजून चूल नव्हती, कुलूप होतं.

अर्ज गेला. पुढं तहसिलातून निरोप आला, की मंगळवारी साहेब चौकशीला घरी येणार. आणि माझ्या अंगात जुना अनुभव संचारला.

हेडमास्तरांचा सोफा आणला. डॉक्टरांचा कलर टीव्ही आणला. आमच्या फाटक्या गाद्या, मोडकी बाज, गळकी घागर आणि सुमनचा पाटा, सगळं तिच्याच खोलीत कोंबलं. दाराला पाठ लावून, पाय रेटून कसंबसं कुलूप लावलं आणि किल्ली तिला परत दिली. नंतर माझी बायको शोभा, मी, हेडमास्तर आणि त्यांचा शिपाई अशा चौघांनी सुमनला उचलून सोफ्यावर ठेवलं आणि पायांवर पैठणीचा घोळ पसरला.

सुमन म्हणाली, "दादा, साहेब माझे पायच बघाया येणार हायत. तू झाकतुयस कावून?"

"तू गप बैस. मोठा माणूस घरी येतोय. अब्रू हाय का न्हाई आपली?"

साहेब एसटीनं आले. बारीक अंगाचे, कपाळावर घाम, काखेत फाइल. आल्या आल्या त्यांनी सोफा बघितला, टीव्ही बघितला, आणि फाइलवरचं नाव पुन्हा वाचलं. मला वाटलं, छाप पडली.

शोभानं पोहे आणले. "आमच्या सुमननं केलेत," मी म्हणालो. (तोंडातून गेलंच. अकरा वेळा हेच वाक्य म्हटलेलं.)

"असं? म्हणजे स्वयंपाक स्वतः करतात?" साहेबांनी पेन काढलं.

आमची आत्याबाई मदतीला धावली. तिघी भाच्यांच्या लग्नांत तिचाच शब्द चालला होता. "सैपाक म्हंजे? पन्नास मानसाचं एकटी रांधती. हाताला लई चव हाय पोरीच्या."

साहेबांनी लिहिलं. "आणि आंघोळीला वगैरे कोण मदत करतं?"

"कुणाची गरजच न्हाई साहेब," मी म्हणालो. "पहाटे उठती. आमालाच पाणी तापवून देती."

साहेबांनी तेही लिहिलं. सुमन माझ्याकडं बघत होती. मी तिला डोळ्यानं खुणावलं, की काळजी करू नको, चाललंय ते झकास चाललंय.

"चालता येतं का?"

"तशी हळू चालती," मी म्हणालो. इथवर निदान माझ्या आवाक्यात होतं. पण आत्याबाईला दम निघेना. "हळू कशाची? मागल्या साली कपिलधारच्या यात्रेला पायी गेलती."

साहेबांनी पेन थांबवलं. चष्मा काढून पुसला. "बाई," ते सुमनला म्हणाले, "जरा चालून दाखवता?"

आत्याबाई पोह्यांत शेंगदाणे शोधू लागली. सुमन शांत आवाजात म्हणाली, "साहेब, आधी माझी खोली बघा. दादा, ही घे किल्ली. माझा पाटा आन."

मी बोळ ओलांडला, साहेब मागोमाग. कुलूप काढलं मात्र, आतल्या रेट्यानं दार उघडलं ते थेट माझ्या कपाळावर. गाद्या आल्या, बाज आली, घागर साहेबांना चाटून गेली. शेवटी पाटा आपल्या चार चाकांवर घरंगळत आला आणि साहेबांच्या बुटाला लागून थांबला. साहेबांनी खाली वाकून तो उचलला. बेअरिंग फिरवून बघितली. फळीवर दोन्ही बाजूंना तिचे हात टेकून टेकून गुळगुळीत खळगे पडले होते, त्यावरून त्यांनी बोट फिरवलं. मी कपाळ चोळत उभा होतो.

परत आलो तर सुमननं पैठणीचा घोळ बाजूला सारला होता.

"साहेब, मला या सोफ्यावर चौघांनी उचलून ठिवलंय. मला उतरता येत न्हाई. पोहे वहिनीनं केलेत. कपिलधार मी बघितलेलं न्हाई, बघायचं हाय. आता मी सांगते तसं लिवा. मला येतंय ते लिवा आन येत न्हाई ते बी लिवा. दुकानाची पत्रं मी लिहिते. शिवण करते. बसल्या जागी भाकरी थापते. आंघोळीला, चढाया-उतराया बाई लागती. तेवढी एक बाई मिळाली की बाकीचं घर मी चालवते."

एवढं ती एका दमात बोलली. रडली नाही, हात जोडले नाहीत. अकरा वेळा मी बहिणी दाखवल्या, पण ऐकताना छाती भरून येईल असं एकीनंही स्वतःबद्दल सांगितलं नव्हतं. (आम्ही सांगू दिलं नव्हतं, हे खरं.)

साहेब मात्र अडचणीत आले होते. "मी शाईनं लिहिलंय हो. खोडाखोड केली की वर विचारतात. आता पंचनामाच करावा लागेल. आधीची माहिती खोटी होती असं यांना लिहून द्यावं लागेल, चार पंचांसमोर."

पंच गोळा करायला मेहनत पडली नाही. निम्मी पेठ दारात उभीच होती. सुमननं सांगितलं, साहेबांनी लिहिलं, आणि मला ते मोठ्यानं वाचायला लावलं. "मी मन्मथ, किराणा दुकानदार, लिहून देतो की वरील माहिती मी अब्रूपायी खोटी दिली. माझी बहीण सुमन हिला उभं राहता येत नाही. सोफा हेडमास्तरांचा आहे. टीव्ही डॉक्टरांचा आहे."

"पोह्याचं राहिलं," शोभा म्हणाली. तेही घातलं.

हेडमास्तर सही करताना म्हणाले, "मन्मथ, अरे, सोफ्याच्या पायाचा टवका उडालाय. तेवढं बी लिहून दे." घातलं.

दोन महिन्यांनी पगार मंजूर झाला. सुमन समोर राहायला गेली. खोलीचा उंबरा मी स्वतः उखडून काढला आणि पाट्याला उतार करून दिला. पहिल्या दिवशी कोंडाबाईनं तिला आंघोळ घातली, तिनं भाकरी थापल्या आणि मला जेवायला बोलावलं. पाणी हवंय का, हे तिनं मला विचारलं. मी दोन तांबे प्यालो, तहान नव्हती तरी.

तेव्हापासून मात्र माझ्या घरात काही सापडेना. दुकानाची पत्रं तुंबली, शर्टांच्या गुंड्या तुटत गेल्या, शोभा म्हणायची, "वन्संना विचारा." मी दिवसातून चार वेळा बोळ ओलांडायचो. दार आतून बंद असलं की बाहेर उभा राहून हाका मारायचो. आतून आवाज यायचा, "थांब की, हातात पीठ हाय."

वर्षानं साहेब फेरतपासणीला आले. सुमन पाट्यावर बसून माझ्या शर्टाला गुंडी लावत होती. मी बनियनवर, भिंतीला टेकून तिच्या चहाची वाट बघत होतो. साहेबांनी खोली बघितली, कोंडाबाईला दोन प्रश्न विचारले, समाधानानं मान डोलावली.

सुमन म्हणाली, "माझं झ्याक चाललंय साहेब. पर ह्ये आमचे दादा. यांचं कुणी असल्याबगार पानच हालत न्हाई. यांच्यासाठी काय योजना हाय का?"

साहेबांनी चष्म्यावरून मला नीट बघितलं, पेनाचं टोपण काढलं आणि विचारलं, "वय?"