घटस्फोटासाठी माणूस पाहताना

माझ्यासाठी मुलगा शोधताना बाबांची जेवढी धावपळ झाली नाही, तेवढी माझ्या घटस्फोटासाठी मध्यस्थ शोधताना झाली. मंगरूळपीरच्या वकिलांनी सरळ सांगितलं होतं, मुलगी कोणाकडे राहणार ते दोन्ही घरांनी आधी आपसात ठरवा, मग संमतीचा अर्ज करू. मुलगी माझ्याजवळच होती, इंझोरीला, माझ्या माहेरी. ती तिथंच राहावी एवढंच मला हवं होतं. बाकी भांडीकुंडी, कपाट, मानपानात दिलेलं सगळं कामरगावला सासरीच राहू द्या म्हटलं.

पण ठरवायचं तर बैठक हवी आणि बैठकीला दोन्हीकडे चालेल असा माणूस हवा. आमच्या समाजात सोयरिकी अशा गुंतलेल्या की कोणाचंही नाव घ्या, तो एकीकडून मामा नाहीतर दुसरीकडून साडू निघतो. बाबांनी एक निवृत्त गुरुजी काढले, ते सासूच्या मावसबहिणीचे व्याही निघाले. सासरच्यांनी एक माजी सरपंच सुचवले, तर त्यांचं आमच्या काकांशी शेताच्या धुऱ्यावरून वाकडं. मी म्हटलं, कोर्टात मध्यस्थ मिळतो, कोणाचा कोणी नसलेला. त्यावर बाबा म्हणाले, परक्या माणसापुढे घरच्या गोष्टी कायले काढायच्या? म्हणजे ओळखीचा चालत नव्हता आणि अनोळखी नको होता. माझं डोकं पार उठलं होतं.

शेवटी एक जण दोन्ही घरांना पसंत पडले. त्यांच्या बैठकीतून आजवर एकही संसार मोडून उठला नाही, असं बाबा कौतुकानं सांगत सुटले. मी कपाळावर हात मारला. मला संसार मोडायचाच होता. नवऱ्यालाही मोडायचाच होता, त्यानं फोनवर मला तसं स्पष्ट सांगितलं होतं. आणि आमच्या थोरामोठ्यांनी हौसेनं निवडला तो न मोडण्यासाठी नावाजलेला माणूस. हे बाबांच्या कानावर घातलं, तर म्हणाले, माणूस वजनदार आहे, तू नको डोकं लावू.

बैठकीच्या दिवशी अंगणात सतरंज्या पडल्या. आईनं पोहे केले आणि मला चहा ठेवायला सांगितला, पावणे तुझ्याचसाठी आले म्हणाली. हसावं की रडावं कळेना. स्वतःच्या घटस्फोटाच्या बैठकीला मी आत चहा गाळत होते आणि बाहेर मध्यस्थसाहेब सगळ्यांना जयभीम करून संसार कसा टिकवावा यावर बोलत होते. पोरगी बापाच्या घरची असते, हेही त्यांनी मधेच सांगून टाकलं. ते मला आतपर्यंत ऐकू आलं. चहाचा ट्रे बाहेर नेऊन ठेवला, पण आत गेले नाही.

“मले नांदायचं नाही. पोरगी माह्यापाशीच राहू द्या,” मी म्हटलं.

मध्यस्थांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. तुमची पोरगी रागात आहे, तिला आत पाठवा, असं ते बाबांना म्हणाले. बाबांनी मला डोळ्यांनी खुणावलं. मी हलले नाही. तेव्हा इतका वेळ मान खाली घालून बसलेला नवरा बोलला.

“मले बी नांदवायचं नाही. पोरगी तिच्यापाशीच राहू द्या.”

सासू काही म्हणायला गेली, तर मध्यस्थांनी हात वर केला. बापच म्हणते, मंग विषय मिटला, चहा घ्या, असं म्हणून त्यांनी कप उचलला. मी आत जाऊन ओट्याला धरून रडले. सुटल्यासारखं वाटत होतं आणि त्याच वेळी कोणाला तरी धरून गदागदा हलवावंसं वाटत होतं.

पाहुण्यांची जीप गेल्यावर बाबा खुशीत सतरंजी झटकत होते. पाह्य, एका बैठकीत मिटवलं त्यानं, म्हणाले.

“बाबा, हेच मी तुमाले किती डाव सांगतलं?” मी विचारलं.

ते सतरंजी हातात धरून आठवू लागले. त्यांना खरंच आठवत नव्हतं.