परवाचे पाच हजार

माझी लाल गाडी मी एजंटशिवाय, स्वतः विकली, याचा मला इतका अभिमान होता की बदलापूरच्या शिरगावातल्या आमच्या सोसायटीत वॉचमनपासून सेक्रेटरीपर्यंत सगळ्यांना तो किस्सा ऐकवून झाला होता. नवरा म्हणत होता, एजंट गाठ, तुला घासाघीस जमायची नाही. बायकांनी व्यवहारात पडू नये असं तो तोंडाने म्हणत नाही, भुवयांनी म्हणतो. म्हणून तर मी हट्टाला पेटले.

गिऱ्हाईक उल्हासनगरचं मिळालं. जीन्सचा कारखाना असलेले सिंधी शेठ. त्यांच्या मुलीला नुकतंच लायसन मिळालं होतं, हात बसायला जुनी गाडी हवी होती. मीही याच गाडीवर शिकले होते, पंचेचाळिसाव्या वर्षी, रविवारी अंबरनाथच्या एमआयडीसीतल्या रिकाम्या रस्त्यांवर, दोन कुंपणं आणि एक टपरी घासून. मुलीला बघून मी विरघळले आणि भाव थोडा कमी केला. शेठनी तिथल्या तिथे बँकेतून पैसे पाठवले, फक्त पाच हजार मागे ठेवले. दुसरी चावी मागितली, तेव्हा मी म्हणाले, घरात कुठेतरी आहे, आणून देते. निघताना मी विचारलं, "और बाकी के कब?" मागे शिलाई मशिनी धडधडत होत्या. शेठ बरंच काही बोलले, त्यातलं "परवा" तेवढं मला नीट ऐकू आलं.

घरी सांगितलं, उरलेले परवा देणार आहेत.

परवाचा दिवस आला आणि गेला. मी फोन केला. "अरे दीदी, परवा..." एवढं ऐकलं आणि बरं म्हणून ठेवला. दोन दिवसांनी पुन्हा तेच. तिसऱ्यांदा शेठनी "परवा" म्हटल्यावर मी त्यांचं वाक्य पुरं होऊच दिलं नाही, फोन आपटला. सोफ्यावरून नवरा म्हणाला, "बुडाले समज." पाच हजारांचं मला इतकं नव्हतं. पण ही गोष्ट तो प्रत्येक लग्नात, प्रत्येक पंगतीत सांगणार, हे मला स्वच्छ दिसत होतं.

दुसऱ्याच दिवशी हाफ डे टाकून रिक्षाने उल्हासनगर गाठलं. वाटेत मनातल्या मनात भांडण पाठ करत होते. कारखान्यात शिरले आणि सुरूच झाले, "शेठ, तीन बार परवा बोला आपने! कितनी परवा होती हैं आपकी?"

शेठ घाबरून उभे राहिले. "दीदी, मैं तो बोल रहा हूँ, परवा मत करो! पैसा कहाँ जाएगा?"

त्यांची मुलगी शेजारी हिशेबाला बसली होती. तिने आधी बापाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि टेबलावर डोकं ठेवून हसायलाच लागली. "आंटी, पप्पा बोलतायत फिकर मत करो! तुम्हाला वाटलं डे आफ्टर टुमॉरो?"

मी मटकन खुर्चीत बसले. आयुष्यभर हिंदी सिरियल बघून ही माझी गत! शेठनी ड्रॉवरमधून पाकीट काढलं. त्यावर माझं नाव आणि खाली लिहिलेलं, 'दूसरी चाबी'. चावी दिली की पैसे, असं ते पहिल्या दिवसापासून सांगत होते. "आप ढूँढ रहे होंगे, इसलिए जल्दी नहीं की," ते म्हणाले.

आता खरं सांगते. चावी मला गाडी गेली त्याच रात्री सापडली होती. ती माझ्या पर्समध्ये, घराच्या किल्ल्यांच्या जुडग्यातच होती. रोज हाताला लागायची आणि रोज मी ती द्यायचं विसरायचे, मुद्दाम. ती गाडी मला फार आवडायची. मी जुडग्यातून चावी सोडवली आणि मुलीच्या हातावर ठेवली.

"आंटी, चला, बदलापूरला सोडते," ती म्हणाली. "लायसन नवीन आहे, पण परवा मत करो." तिने जाताना दोनदा गाडी बंद पाडली.

घरी पाच हजार टेबलावर ठेवले. नवऱ्याने ते दोनदा मोजले. "मिळाले म्हणजे! मग इतके दिवस अडलं कुठे होतं?"

"ते ना," मी म्हणाले, "परवा सांगते."