गिलाव्यावरची फुली

बायकोचं दहावं-तेरावं झाल्यावर प्लंबर परत आला. ती आजारी असतानाच आम्ही न्हाणीघराचं काम काढलं होतं. जुन्या लाद्या निघाल्या, तिला दवाखान्यात न्यावं लागलं आणि काम तिथेच थांबलं. नळाचं पाणी शॉवरकडे वळवणारा डायव्हर्टर खोक्यात तसाच राहिला. तो भिंतीच्या आत बसतो. बाहेर फक्त मूठ दिसते. तिला उभं राहवत नसे. म्हणून दवाखान्यात जाण्याआधी ती न्हाणीघरात स्टुलावर बसली, हात पुढे केला आणि तो जिथे टेकला तिथे गिलाव्यावर पेन्सिलीने फुली मारली. "इथे," एवढंच म्हणाली.

आमचं घर पनवेलच्या जुन्या भागातलं. भिंती काळ्या दगडाच्या, चुन्यात बांधलेल्या. प्लंबरने फुलीशेजारचा गिलावा थोडा उकरला आणि थांबला. तो बेलपाड्याचा, बोलका माणूस.

"सर, फुलीच्या मागं अख्खा धोंडा हाय. वीतभर वर सांधा हाय. तितं घेऊ? लगेच होईल."

खारघरहून आलेली माझी थोरली बहीण दारात उभी होती. "वरच घे रे बाबा," ती त्याला म्हणाली. मग माझ्याकडे वळून, "तू उभ्याने आंघोळ करतोस. रोज वाकत बसणार का?"

"बरोबर हाय ताई. धोंडा फोडून माजी कंबर जाईल आनि वाकून वाकून सरांची. दोघं एकाच डाक्टरकडं जाऊ."

बहीण हसली. मी फुलीकडे पाहत होतो. खाली घेतलं काय, वर घेतलं काय, फुली जाणारच होती. नवा गिलावा येणार, त्यावर लादी. हे कळत होतं, पण दुसऱ्या कुणाच्या घरचं काम पाहावं तसं मी ते पाहत होतो. राहिली तर फक्त तिने ठरवलेली उंची राहणार होती.

"तिथेच बसवा," मी म्हणालो.

"धोंड्यात?"

"हो."

बहीण चहा टाकायला गेली.

दिवसभर छिन्नीचा आवाज येत राहिला. मी बाहेरच्या खोलीत पुस्तक उघडून बसलो. पान उलटलं नाही. संध्याकाळी प्लंबरने हाक मारली. डायव्हर्टर दगडातल्या खाचेत बसला होता. पाणी सोडून पाहिलं. कुठे गळत नव्हतं.

"बसून बघा सर. एकदा सिमेंट भरलं की मग हलायचा नाय."

मी स्टुलावर बसलो, हात पुढे केला. मूठ अजून लावलेली नव्हती. बोटं गार पितळेला लागली. माझा हात तिच्यापेक्षा लांब, त्यामुळे कोपर वाकलेलंच राहिलं. इथे तरी मला आतून काही होईल असं वाटलं होतं. झालं नाही.

"पोचतो का?"

"पोचतो."

"मग भरू?"

मी हात तसाच ठेवला. मागून बहीण म्हणाली, "भर रे. तिथेच राहू दे."

त्याने थापीवर सिमेंट घेतलं.

"सर, जरा सरका," तो म्हणाला. मी सरकलो.