चांदोदच्या होडीवरचा भोंगा

आम्हा विणाई खात्यातल्या लोकांकडे किस्से फार साचतात. कारण साधं आहे. गिरणीत वर्षानुवर्षं मागांच्या खडखडाटात उभं राहून आमचे कान गेले. कुणी किस्सा सांगायला घेतला की समोरचा अर्धाच ऐकतो, नको त्या जागी हसतो, आणि सांगणारा कंटाळून चहा मागवतो. असे अर्धवट राहिलेले पुष्कळ आहेत. त्यातले मोहित्यांच्या होडीचे तेवढे आज सांगून टाकतो. तुमचे कान धड दिसतात!

*

नव्वदनंतर देशात नवीन काय काय येणार, ते रोज पेपरात छापून येत होतं. बडोद्यात आमच्या गिरणीला मात्र कुलूप आलं. मोहिते आमचे जॉबर, म्हणजे मागांवरचे मुकादम. हसमुखभाई त्यांच्या हाताखाली, मीही तिथेच. गेटसमोर महिनाभर बसलो, मग कुणी बसेना.

हसमुखभाई मूळचे चांदोदचे. नर्मदेकाठचं तीर्थाचं गाव, बडोद्याहून दीड-दोन तासांवर. कुणी दर्शनाला येतं, कुणी अस्थी घेऊन येतं, आणि सगळेच होडीतून संगमापर्यंत जातात. तिथली एक जुनी डिझेल इंजिनाची होडी विकायला निघाली होती. मोहित्यांनी आणि हसमुखभाईंनी गिरणीतून मिळालेलं सगळं त्यात घातलं.

शालिनीवहिनी, म्हणजे मोहित्यांच्या मिसेस, माझ्यासमोर डोळे पुसत म्हणाल्या, "भाऊजी, यांनी सगळे पैसे पाण्यात घातले हो!"

मोहित्यांना नेमकं तेवढं ऐकू आलं. म्हणाले, "होडी म्हटल्यावर पाण्यातच घालणार ना! हरणीतल्या घराच्या गच्चीवर चालवू?"

वहिनी हसल्या नाहीत. मी हसलो, आणि मग मलाही बरं वाटेना.

*

होडी मिळाली, पण गिऱ्हाईक मिळेना. शेजारच्या होड्यांवर टेप वाजायचा. डभोईहून छोटी गाडी, म्हणजे अरुंद रुळांची रेल्वे, आली की माणसं घाट उतरायची आणि जिकडे गाणं वाजतंय तिकडे सरळ चालत जायची. आमच्या होडीवर नुसती इंजिनाची फटफट.

म्हणून आम्ही तिघं बडोद्याच्या बाजारात, घडियाळी पोळमधल्या एका दुकानात गेलो. मोहित्यांनी मागणी एका दमात सांगितली, "स्पीकर पाहिजे. होडीवर लावायचाय. स्वस्त पाहिजे आणि आवाज मोठा पाहिजे. क्वालिटी नसली तरी चालेल!"

दुकानदाराने एक लावून दाखवला. आम्ही तिघं मान तिरकी करून उभे.

"वाजतोय का?" हसमुखभाईंनी मला विचारलं.

"वाजत असावा. ती बरणी हलतेय."

मोहिते म्हणाले, "जरा वाढवा." त्याने वाढवला. "अजून." अजून वाढवला. शेजारचा बांगडीवाला धावत आला, समोरच्या माळ्यावर बाळ रडायला लागलं. मोहिते म्हणाले, "हां, आता थोडं थोडं येतंय. याहून मोठा दाखवा."

त्या दुकानदाराला चांगलं मराठी येत होतं. त्याने बटण बंद केलं आणि हात जोडले, "काका, मी स्पीकर देईन. नवे कान कुठून देऊ?"

सगळं दुकान हसलं. आम्हीही हसलो. बाहेर आल्यावर मोहित्यांनी मला विचारलं, "काय म्हणाला रे तो?"

मी सांगितलं, "दोन दिवसांनी या म्हणाला."

*

पहिली जोडी घेतली ती लाकडी खोक्याची. दिसायला झोकदार! पण स्पीकरच्या आत कागदाचा पडदा असतो, आणि नदीवर दमट हवा. पहिल्या पावसाळ्यात तो कागद भिजला. आरती लावली तर आतून म्हातारा खोकल्यासारखा आवाज यायचा. पुढची जोडी रिक्षात लावतात ती. स्वस्त आणि कर्कश. रिक्षात चार माणसांना पुरते, उघड्या नदीवर वारा सगळं उडवून नेई. मागच्या बाकावरच्या माणसाला वाटायचं, पुढे कुणीतरी गुणगुणतंय.

शेवटी हसमुखभाईंनी कुठूनसा पत्र्याचा भोंगा आणला. जुना, प्रचाराच्या जीपवर फिरलेला. सोबत बॅटरीवर चालणारा अ‍ॅम्प्लिफायर आणि एक माइक. भोंग्याला पाण्याचं भय नाही, वाऱ्याचं भय नाही, आणि तो सगळ्यांत स्वस्त! बारीक-जाड असा भेद मात्र तो करीत नसे. भजन असो की गरबा, सगळं नाकातून.

पहिल्याच दिवशी मोहित्यांनी थाटात भजन लावलं. नाशिकहून आलेलं एक म्हातारं जोडपं होडीत बसलं होतं. आजोबा बराच वेळ कान देऊन ऐकत राहिले आणि मग काळजीने बायकोला म्हणाले, "अगं, कुठली गाडी लेट आहे म्हणतोय?"

*

पण गिऱ्हाईक यायला लागलं. भोंगा समोरच्या काठापर्यंत ऐकू जायचा. मोहिते इंजिनापाशी सुकाणू धरून मागे बसायचे, छाती पुढे काढून. गिरणी बंद झाल्यापासून त्यांना असं बसलेलं मी पाहिलं नव्हतं. मीही जायचो, रविवारी. काम नव्हतं, त्यामुळे माझा रविवार कधीही यायचा!

एकदा एक कुटुंब अस्थी घेऊन आलं. तरणा मुलगा गेला होता. त्याचा भाऊ मांडीवर कलश घेऊन बसलेला, आई शेजारी. भोंग्यावर कसलंसं नाचाचं गाणं जोरात चालू. भावाने मोहित्यांकडे बघून हाताचा पंजा खाली-खाली केला. म्हणजे आवाज कमी करा.

मोहित्यांना वाटलं, तो 'बसा, बसा' म्हणतोय. ते म्हणाले, "मी बसलेलोच आहे!"

भाऊ संतापून उभा राहिला आणि ओरडला, "आवाज! आवाज!"

मोहित्यांनी मान डोलावली आणि आवाज वाढवला.

मी पुढून धडपडत निघालो बटण बंद करायला. तेवढ्यात त्या आईने माझा हात धरला. त्या बाईंचा चेहरा अजून माझ्यासमोर आहे. म्हणाल्या, "राहू द्या. मी रोज ओरडायचे त्याला, कमी कर म्हणून."

संगमापर्यंत ते गाणं तसंच वाजत गेलं.

*

हसमुखभाईंच्या मुलीचं, नयनाचं, लग्न ठरत आलं होतं. भरूचची मंडळी बघायला आली. हसमुखभाईंनी मोठ्या हौसेने सगळ्यांना होडीतून फिरवायला नेलं. भोंगा चालू. मुलाचे वडील हसमुखभाईंजवळ सरकून गंभीरपणे काहीतरी बोलत होते. हसमुखभाई हसून "हा, हा" करत होते.

नयनाने मला नंतर सांगितलं, ते गृहस्थ म्हणत होते की मुलाच्या मनात दुसरी कुणी आहे, आज सकाळीच कळलं. शेवटी म्हणाले, "तर आपण हे इथेच थांबवू या. तुम्हाला वाईट नाही ना वाटणार?"

हसमुखभाईंच्या कानात 'थांबवू या' आणि 'वाईट' तेवढं शिरलं. त्यांना वाटलं, होडी थांबवायचीय. म्हणाले, "एमां खोटुं शुं लागे! त्यात वाईट कसलं! लगेच थांबवू!" आणि मोहित्यांना खूण करून होडी काठाला लावली. मंडळी नमस्कार करून निघून गेली. हसमुखभाई हात हलवत राहिले. नयना शेजारीच बसली होती. तिचे कान चांगले होते.

त्यानंतर ती सहा महिने बापाशी बोलली नाही. हसमुखभाईंना वाटलं, आपले कान अजून गेले!

*

वहिनींनी एकदा हट्ट करून मोहित्यांना कानाच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, कानाला यंत्र लावलं तर बरंच ऐकू येईल. मोहित्यांनी वहिनींना कबूल केलं, या दिवाळीत यंत्र आणू.

दिवाळीच्या तोंडावर शेजारच्या होडीने दोन भोंगे लावले. मोहिते पिशवी घेऊन बाजारात गेले आणि संध्याकाळी आले ते दुसरा भोंगा घेऊन.

मी फराळाला गेलो होतो. वहिनी चिवड्याची बशी माझ्यापुढे ठेवत शांतपणे म्हणाल्या, "माझं बोलणं एका माणसाला ऐकू यावं, एवढंच मागितलं होतं. यांनी सगळ्या नदीला ऐकू येईल असं आणलं."

मोहिते समोरच होते. भोंग्याला फडक्याने पुसत म्हणाले, "बघ, हिलाही आवडला!"

*

आणि हा शेवटचा. त्या हिवाळ्यात वहिनींची तब्येत उतरत होती. पोट दुखायचं, जेवण जात नव्हतं. मोहिते म्हणायचे, "पित्त आहे." इतक्या वर्षांत वहिनी कधी होडीत बसल्या नव्हत्या. एके सकाळी आपणहून म्हणाल्या, "मला एकदा संगमाला न्या."

छोट्या गाडीने आम्ही चांदोदला गेलो. गर्दी नव्हती. होडीत आम्हीच. वहिनी पुढच्या टोकाला शाल गुंडाळून बसल्या, हसमुखभाई आणि मी मध्ये, मोहिते मागे इंजिनापाशी. घाट सोडून थोडं पुढे आलो. हसमुखभाईंनी चेष्टेने माइक वहिनींच्या हातात दिला, "भाभी, कंईक बोलो ने!"

वहिनींनी माइक उलटसुलट करून पाहिला. मग तोंडाशी धरला.

"अहो, ऐकता का? परवा डॉक्टरांनी मला एकटीला आत बोलावलं होतं. पित्त नाहीये ते. आता औषधं बदलून उपयोग नाही म्हणाले. फार तर होळीपर्यंत. मी तुम्हाला घरी सांगितलं होतं. तुम्ही बरं, बरं म्हणालात."

दोन्ही भोंग्यांतून ते सगळ्या नदीवर गेलं. घाटावर कपडे धुणाऱ्या बायांचे हात थांबले. फुलवाला उभा राहिला. हसमुखभाईंनी ऐकलं, मी ऐकलं.

आम्ही मागे वळून पाहिलं. मोहिते सुकाणू धरून समोर बघत होते. ओरडले, "काय? काही कळलं नाही! इंजिनाचा आवाज आहे!"

वहिनींनी शाल सारखी करून माइक पुन्हा तोंडाशी धरला. मग म्हणाल्या, "काही नाही. पाणी किती छान आहे, म्हटलं."

"हां! आता ऐकलं!" मोहिते म्हणाले. "छानच आहे!"

संगम आला. तिथून होडी वळवायची असते. मोहित्यांनी संगमाकडे पाहिलं, पण वळवली नाही. देवळं मागे पडली, घाट दिसेनासा झाला, काठावर नुसती झाडी सुरू झाली. हसमुखभाई हातवारे करून ओरडत होते, "मोहितेभाई, वळवा! डिझल नथी!" मोहिते समोरच बघत होते. इंजिन दोनदा खोकलं आणि बंद पडलं, तरी त्यांनी सुकाणू सोडलं नाही.